मुरुडचा उंट आणि उदगीरचा चंद्र

मुरुड,
२१ जानेवारी २०२५

डॉ. विशाखाताई यांना,
महादेवप्पाचा शरणु शरणार्थी.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. फोन का केला नाही म्हणाल, तर माझे कान आता असे झालेत की फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि दुकानात स्पीकरवर टाकला की अर्धं मुरुड ऐकतं. विषय असा आहे की अर्ध्या मुरुडानं ऐकला तर माझा धंदा बसेल. तुम्ही इथल्या जनावरांच्या दवाखान्यात होता तेव्हा आमच्या माडीवर भाड्यानं राहिलात, गुरम्माच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात, त्या हक्कानं लिहून राहिलो.

माळेगावच्या जत्रेतून उंट आणला. नाव नवाब. माझा वरातीचा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे: घोडा, बग्गी, छत्री, दिवे. पण घोडा आता कोणीही आणतो. उंटावरचा नवरदेव मुरुडात पहिल्यांदा आपण काढला. आणि ताई, खरं कारण वेगळंच. आपल्या वर्षाराणीचं जमलं. उदगीरच्या गुरुपादप्पांचा मुलगा, संगमेश. स्वतःचं औषधाचं दुकान आहे. जावई उंटावरून मांडवात यावा, एवढी एक हौस.

अडचण अशी की नवाब खाजवतो. खांबाला, भिंतीला, बग्गीच्या चाकाला, जे दिसेल त्याला अंग घासतो. मानेवरचे, खांद्यावरचे केस गेलेत आणि गोल गोल राखाडी चट्टे पडलेत. मी जळकं ऑइल चोळलं. त्यानं उंट काळा झाला, आणि एका नवरदेवाची पांढरी शेरवानीही. मग चट्ट्यांवर डोक्याला लावायची काळी मेहंदी फासून वराती काढल्या. लांबून कळत नाही. इथल्या दवाखान्यात नेला तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तेव्हा तुम्हीच गुपचूप काही सुचवा.

बाकी क्षेम. गुरम्मानं संक्रांतीचं वाण म्हणून स्टीलच्या डब्या लुटल्या. बऱ्याच उरल्यात.

तुमचा,
महादेवप्पा

*

बिलोली,
२५ जानेवारी २०२५

महादेवप्पा यांस जय भीम. वहिनींना शरणार्थ.

वर्षाराणीची बातमी वाचून आनंद झाला. पत्र वाचताना हसत होते, मेहंदीपाशी आले आणि हसू विझलं. अप्पा, रोगी जनावराला कलप लावून त्यावर माणूस बसवलात? त्या नवरदेवांच्या मांड्यांची कोणी चौकशी केली का?

नीट ऐका. उंटाच्या कातडीला दोन गोष्टी छळतात. एक खरजेचा किडा. डोळ्यांना दिसत नाही, कातडीत बोगदे खणून राहतो. काखेत, जांघेत, पोटाखाली सुरुवात करतो. कातडी जाड होते, सुरकुतते, उंट खाणं सोडून अंग घासत बसतो. दुसरी बुरशी, म्हणजे आपलं गजकर्ण. त्याचे चट्टे गोल, राखाडी, पापुद्रे सुटणारे, आणि बहुतेक लहान उंटांना होणारे. दोन्ही माणसाला लागतात. किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही, थोडे दिवस नाचवून मरतो. बुरशी मात्र जागा मिळेल तिथं संसार थाटते, आणि वाळलेल्या खपलीतही महिनोन्‌महिने जिवंत राहते. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

वर्षाराणीनं मला कौतुकानं नवाबाचा फोटो पाठवला होता. त्याचे दुधाचे दातसुद्धा पडलेले नाहीत. तुम्ही उंट नव्हे, उंटाचं लेकरू घेऊन आलात आणि त्याच्या पाठीवर जरीचे फेटे बसवताय.

आता करायचं एवढंच. हातमोजे घाला, चट्ट्याच्या कडेनं बोथट पात्यानं खपल्या खरवडा, कोरड्या स्वच्छ डबीत भरून पाठवा. ऑइल बंद. मेहंदी बंद. वरात बंद.

विशाखा

*

मुरुड,
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

सोबत डबी. कोरडी, स्वच्छ म्हणालात, तसंच केलं. त्या खपल्यांत केस, माती, काय काय होतं. तसलं डॉक्टरांना पाठवणं बरं दिसेना. म्हणून उन्हात वाळवल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि मलमलीतून वस्त्रगाळ केल्या. वास नको म्हणून कापराचा खडाही टाकला. आता असं मऊ झालंय की उंटाचं आहे म्हणून सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

काल साखरपुडा छान झाला. आमच्या घरचा जुना दस्तूर तुम्हाला आठवत असेल. मठातून आणलेली विभूती मुलाकडे द्यायची, आणि मुलानं व त्याच्या घरच्या सगळ्यांत थोरल्या माणसानं ती लग्नापर्यंत रोज सकाळी कपाळी लावायची. संगमेशच्या आजी रत्नम्मा आहेत थोरल्या. त्यांनी डबी दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली. वाणाच्या उरलेल्या डब्या अशा कामी आल्या बघा. सकाळी ताटं भरता भरता गुरम्मानं तुमचीही डबी बांधून ठेवली.

वरात बंद म्हणालात. पण आधीच शब्द दिलेल्या होत्या त्या तेवढ्या काढतो.

महादेवप्पा

*

बिलोली,
१० फेब्रुवारी २०२५

अप्पा,

डबी मिळाली. खरवडायला सांगितलं तर तुम्ही मसाला केलात. त्यात मी किड्याचे पाय शोधू कुठं? तरीही पोटॅशच्या पाण्यात भिजवून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे दुखेपर्यंत बघितलं. नुसती राख. जंतूचा मागमूस नाही.

नमुना पुन्हा पाठवा. कुटू नका, गाळू नका. इकडे गुरांना लस टोचायची मोहीम सुरू आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

विशाखा

*

मुरुड,
१५ फेब्रुवारी २०२५

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो!

नुसती राख! मी म्हणतच होतो, जळक्या ऑइलात ताकद आहे. रोगाची पार राख करून टाकली. तुमचं पत्र खिशातच ठेवतो. गिऱ्हाईक जरा का कू करायला लागलं की चष्मा लावून वाचून दाखवतो, ‘जंतूचा मागमूस नाही’. खाली सरकारी डॉक्टरची सही. मुरुडात माणसाच्यासुद्धा तब्येतीचा असा कागद कोणाकडे नाही. पुन्हा नमुना मागितलात तो दफ्तरी रिवाज असेल. सवडीनं पाठवतो.

नवाब अजून खाजवतो, पण ती आता सवय असावी. नवरदेवही हल्ली मंगलाष्टकं चालू असताना फार चुळबुळ करतात म्हणे. एकानं तर हार घालता घालता आधी काख खाजवली आणि मग हार घातला. आजकालच्या पोरांना धीर नाही.

उदगीरकडचे खूश आहेत. संगमेश रोज अंघोळ करून आमची विभूती लावतो. रत्नम्मा तर गुरम्माला फोनवर म्हणाल्या, अशी मऊ विभूती जन्मात बघितली नाही, कपाळाला लावली की चिकटूनच बसते.

महादेवप्पा

*

बिलोली,
१९ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि शेवटच्या ओळीला मटकन खाली बसले. शिपायानं पळत पाणी आणलं. त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

उंटाच्या अंगातून राख निघत नाही. हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कोणाला लिहून कळवावं लागेल असं वाटलं नव्हतं. राख गोवरीतून निघते. गोवऱ्या जाळून, गाळून, वड्या थापून मठात जी तयार होते, ती माझ्या काचेवर होती. तुम्ही मला पाठवलीत ती विभूती, अप्पा.

आता सांगा, नवाबाच्या खपल्या कुठं आहेत?

मी फोन लावला. तुम्ही स्पीकरवर घेतलात आणि ‘उंट? कोणता उंट? इथं उंट नाही’ असं ओरडून ठेवून दिलात. गिऱ्हाईक समोर असणार. वहिनींना लावला, तर तोही तुम्हीच उचललात आणि तेच ओरडलात. वर्षाराणीला लावता लावता हात थांबला. नव्या नवरीला हे कोणत्या तोंडानं सांगू?

आजच्या आज डबी परत आणा. आजच्या आज.

विशाखा

*

मुरुड,
२८ फेब्रुवारी

विशाखाताईस गुरम्माचा शरणार्थ.

माझं अक्षर तुम्हाला ठावं हाय, वाचून घ्या. तुमचं पत्र आलं अन् ह्यांनी वाचून माझ्या हातात दिलं अन् तोंडावर पांघरूण घेऊन जे निजले ते जेवायलाबी उठले न्हाईत. मी वाचलं. 

दोन्ही डब्या एकाच घाण्यातल्या. दोन्हीत कापूर. दोन्हीवर मीच पांढरं फडकं बांधलं. उंटाचं ते पीठ ह्यांनी देव्हाऱ्याजवळ आणून ठेवलं व्हतं, म्हणले इथं मांजर येत न्हाई. मी काय देव्हाऱ्याजवळचं हुंगून बघू काय?

आता पुढचं ऐका. शिवरात्रीला उदगीरहून रत्नम्माचाच फोन आला. तिच्या कपाळावर कडं उमटलंय. गोल. कडेनं लाल, मधी साफ. संगमेशच्याबी कपाळावर तसंच, जरा लहान. संगमेश म्हणला, आजी, हे गजकर्ण हाय. तर ती म्हणली, असणारच की! गणपतीच्या बारा नावांतलं नाव हाय ते. बापाच्या माथ्यावरचा चंद्र अन् लेकाचं नाव, दोन्ही एकदमच आलं माझ्या कपाळी. ते पोरगं म्हणतंय, अगं आजी, रोग हाय रोग. ती म्हणती, तू गप, तुला शिकून काय कळतंय?

गल्लीतल्या बाया पाया पडायला येऊन राहिल्या. म्हातारी त्यांना त्या डबीतलं चिमूट चिमूट लावती, ताई. लेकरांनाबी.

 तुम्हीच सांगा काय करू.

गुरम्मा

*

बिलोली,
४ मार्च २०२५

वहिनी,

तुमचं काही चुकलेलं नाही. देव्हाऱ्याजवळ उंटाची खपली ठेवणारं डोकं तुमचं नव्हे. हे पत्र त्यांनाही द्या, पांघरुणाच्या आत सरकवा.

मी बौद्ध घरातली. रत्नम्मांच्या चंद्राविषयी बोलणं माझं काम नाही. बुरशीविषयी बोलणं आहे. ती डबी उघडी राहील तितके दिवस उदगीरच्या त्या गल्लीत चंद्र उगवत राहतील, आणि बारक्या लेकरांच्या डोक्यात शिरली तर केस पुंजक्यांनी गळतील. घाबरू नका, गजकर्ण बरं होतं. साधं मलम, चट्टा दिसेनासा झाला तरी पुढं काही आठवडे लावत राहायचं. टॉवेल, उशी वेगळी. ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब मात्र कोणी लावू नका. तिनं वरून विझल्यासारखं वाटतं आणि आतून पसरतं, आपल्या अप्पांच्या कारभारासारखं.

पण आधी सांगायला हवं. अप्पांनी स्वतः उदगीरला जावं आणि सांगावं. उद्याच.

विशाखा

*

मुरुड,
१२ मार्च २०२५

ताई,

गेलो होतो. खरंच गेलो होतो. बसमध्ये उदगीरपर्यंत वाक्य घोळवत गेलो: ‘गुरुपादप्पा, एक चूक झाली.’ दारात पाय ठेवला तर ओसरीवर बायांच्या चपलाच चपला. रत्नम्मांनी मला समोर बसवलं, पदर मागं सारला आणि कपाळ दाखवलं. ताई, माझ्या उंटाचा चट्टा मी कुठंही ओळखीन.  तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, ‘धन्य!’

मग काय. पेढा मिळाला. पेढा खाऊन परत आलो.

गुरुपादप्पा मोकळेपणानं बोलले नाहीत. संगमेश तर दुकानातून आलाच नाही. मला तर वाटतं त्यांना वास लागला. आता सांगितलं तर लग्न मोडलंच समजा. जावयाच्या कपाळी उंटाची खपली लावणाऱ्या घरची पोरगी कोण करून घेईल? उद्या वर्षाराणीचं नाव निघालं की लोक आधी कपाळ खाजवतील आणि मग हसतील. माझं जाऊ द्या, पोरीचं काय?

मी असं करून राहिलो की मठातून नवी विभूती आली म्हणून दुसरी डबी नेऊन देतो आणि जुनी गुपचूप उचलून आणतो. तुम्ही ते मलम वस्त्रगाळ करून देऊ शकाल का? म्हणजे नव्या विभूतीत मिसळता येईल.

महादेवप्पा

*

बिलोली,
१६ मार्च २०२५

अप्पा,

‘धन्य’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. दर वेळी वाटलं, ह्या वेळी दुसरं काहीतरी लिहिलेलं निघेल.

मलम वस्त्रगाळ होत नाही. खरंही होत नाही. येत्या रविवारी मी उदगीरला जाते आहे. तोवर तुम्ही सांगितलंत तर मी रत्नम्मांचं कपाळ बघून, औषध समजावून येईन. नाही सांगितलंत तर मी सांगेन.

विशाखा

*

मुरुड,
१९ मार्च २०२५

विशाखा मावशी,

रविवारी जाऊ नका. पाया पडते. हे पत्र मी एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे वेळेत पोचेल.

तुमचं पत्र आईनं मला दाखवलं. पण मला सगळं आधीच माहीत होतं. मावशी, माझ्या मनगटावरही एक कडं आहे. नवाबाला रोज ब्रश मीच करते ना. हिरव्या बांगड्यांखाली झाकून ठेवलं होतं. एकदा व्हिडिओ कॉलवर केस सारखे करायला हात वर केला आणि बांगड्या खाली सरकल्या. संगमेश बोलता बोलता थांबले. म्हणाले, ‘हात तसाच ठेव.’ मला वाटलं, बांगड्या आवडल्या. तर म्हणाले, ‘जे माझ्या कपाळावर आहे तेच तुझ्या मनगटावर आहे. गुण जुळावेत हे खरं, पण इतके?’

दिवसभर गजकर्णाचं मलम विकणारा माणूस, त्यांना स्वतःचं कळलं होतंच. कुठून आलं तेवढं कळत नव्हतं. मी नवाबाचं सांगितलं आणि त्यांनी तिकडं डबी उघडून हुंगली. त्याच दिवशी ती नळाखाली धुऊन, उकळून, त्यांच्याच घरची विभूती भरून जागेवर ठेवली. शिवरात्र होऊन गेली होती, पण त्यानंतर आजी जे वाटतात ते त्यांच्याच घरचं आहे. आधी ज्यांनी लावून घेतलं त्या बायांना, लेकरांना ते दुकानातून मलम फुकट देऊन राहिलेत. आजींनाही ‘चंद्राला थंडावा’ म्हणून तेच लावतात. आजी आवडीनं लावून घेतात.

मी विचारलं, पहिल्या दिवसापासून वास येत होता तर लावलं कशाला? तर म्हणे, ‘तुमच्या घरून आलं होतं ना.’

मावशी, गंमत म्हणू की काय म्हणू, तिकडं त्यांचे वडील घाबरून बसलेत की पोराच्या कपाळावरचा डाग बघून आम्ही कोड समजू आणि लग्न मोडू. म्हणून ते संगमेशना पुढं येऊ देत नाहीत; आजींनी फोनवर आईला सांगून टाकलंय, ते त्यांना ठाऊकच नाही. इकडं अप्पा घाबरून बसलेत. दोन्ही घरं एकमेकांपासून एकच डाग लपवून राहिलीत. तुम्ही जाऊन सांगितलंत तर गुरुपादप्पा रागाच्या भरात उठतील. तसा स्वभावच आहे त्यांचा. आणि मला हे लग्न करायचंय, मावशी. ह्याच माणसाशी.

सोबत नवाबाच्या खपल्या आहेत. मानेवरच्या वेगळ्या, काखेतल्या वेगळ्या. हातमोजे घातले होते. कुटलेल्या नाहीत. डबीवर मोठ्या अक्षरात ‘उंट’ लिहिलंय.

वर्षाराणी

*

बिलोली,
२६ मार्च २०२५

वर्षाराणी,

नाही गेले. त्या रविवारी साडी नेसून, पर्स घेऊन तयार होते. तुझं पत्र आलं आणि पर्स पुन्हा खुंटीला लावली.

नमुना उत्तम. त्यात दोघंही सापडले. मानेच्या खपलीत बुरशीचे कण केसांभोवती माळेसारखे ओवलेले, आणि काखेच्या खपलीत खरजेचा किडा, आखूड पायांचा, गोलमटोल, अगदी ऐटीत चाललेला. नवाबाच्या अंगावर एकदम दोन भाडेकरू आहेत. मीही तुमच्याकडे भाड्यानं होते, पण इतकी नासधूस केली नव्हती. अप्पांचे चुळबुळणारे नवरदेव ह्या दुसऱ्याचे पाहुणे होते. त्यांच्या घरी अप्पांनी निरोप द्यायचा.

मुरुडच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. ते येऊन नवाबाला किड्यावरचं इंजेक्शन देतील, काही दिवसांनी पुन्हा देतील. चट्ट्यांना औषध लावायचं ते दाखवतील. नवाब ऊन मिळेल असा वेगळा बांधा, गोठ्याला चुना मारा, त्याचा ब्रश आणि झूल जाळून टाका. हे सगळं उजेडात करायचं. आणि तू बांगड्या काढ, मनगटाला हवा लागू दे, मलम लाव.

आता माझी अट. मी तोंड उघडणार नाही. पण अक्षता पडायच्या आधी अप्पांनी सांगायचं. लपवलेल्या डबीवर संसार सुरू करायचा नाही. आणि नवाबावर कोणी बसायचं नाही, जावईसुद्धा.

तुमच्या मठाची विभूती मी टाकलेली नाही. माझ्या कामाची नसली तरी तुमच्या घरची होती, कपाटात नीट ठेवली. चिमूटभर काचेवर खर्ची पडली, तेवढी वहिनींनी माफ करावी. सोबत परत पाठवते आहे. इकडची मोहीम संपेना, लग्नाला येणं जमेल असं दिसत नाही. माझा आहेर हाच समजा.

तुझी मावशी

*

मुरुड,
३ मे २०२५

विशाखाताई,

शरणु शरणार्थी.

लग्न बसव जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झालं. कसं झालं ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

तुमची अट पोरीनं मला वाचून दाखवली होती. मी सांगणारच होतो. हळदीला ठरवलं, मांडव पडताना ठरवलं, सीमांतपूजनाला तर गुरुपादप्पांचा हात धरून कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, ‘उकाडा फार आहे, नाही?’ ते म्हणाले, ‘फार.’ तेही काहीतरी गिळत होते.

संगमेश पायी आला. घोडा नको, बग्गी नको. वरातीचा धंदा करणाऱ्याच्या जावयाची वरातच नाही, लोक कुजबुजले. त्याच्या कपाळावरचं कडं गेलंय, नीट बघितलं तर पुसट खूण दिसते. रत्नम्मांचंही गेलंय. त्या म्हणायच्या, चंद्र आहे, मावळायचाच.

अक्षता वाटून झाल्या. तेवढ्यात रत्नम्मा वाऱ्याला म्हणून मांडवामागं गेल्या. तिथं चुना मारलेल्या गोठ्यात नवाब. औषध लागू पडलंय, केस येऊन राहिलेत, पण मानेवर गोल खुणा अजून आहेत. आणि गोठ्याच्या दारावर मुरुडच्या डॉक्टरांनी कागद चिकटवलाय, ‘गजकर्ण. हात लावू नये.’

म्हातारी परत आली ती काठी आपटत. सनईवाला आपोआप थांबला.

‘अय्यो शिवा! व्याही, इकडं या. तुमच्या उंटाच्या मानेवर एवढे चंद्र कसे हो?’

 मी गुरम्माकडे बघितलं. ती म्हणाली, ‘माझ्याकडं काय बघता? तोंड तुमचं हाय.’

मग मी सांगितलं. डबी, कुटणं, मलमल, कापूर, ‘धन्य’, सगळं. कानात सांगायचं म्हणून हळू बोलायला लागलो होतो, पण मला स्वतःलाच ऐकू येईना म्हणून आवाज चढत गेला. शेवटचं वाक्य पंगतीच्या आचाऱ्यापर्यंत गेलं. त्यानं झारा खाली ठेवला.

गुरुपादप्पा लालबुंद होऊन उभे राहिले. ‘संगमेश, ऊठ. चल.’

संगमेश उठला नाही. पाटावर मांडी घातली होती ती आणखी घट्ट केली. वर्षाराणीकडे बघण्याचं माझं धाडस होईना.

‘तू कशाला उठतो रे?’ रत्नम्मा लेकावर ओरडल्या. ‘कपाळ माझं होतं. बस खाली.’

गुरुपादप्पा बसले. म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘मग खरी विभूती कुठं हाय?’

गुरम्मानं तुमची डबी आणून पुढं केली. रत्नम्मांनी फडकं सोडलं, झाकण काढलं, नाकाशी नेली, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. ‘ही खरी कशावरून?’

ताई, माझ्या खिशात तुमचं ते जुनं पत्र होतं. हे सगळं झाल्यापासून गिऱ्हाइकांना दाखवणं सोडलंय, पण खिशातून काढलं नव्हतं. मी चष्मा लावला आणि वाचलं, ‘नुसती राख. जंतूचा मागमूस नाही.’ वाचता वाचता मला पहिल्यांदा कळलं, की ते पत्र नवाबाचं नव्हतंच. खाली सही बघा म्हणालो. त्यांनी सही बघितली. मग बोटं बुडवून आधी संगमेशच्या कपाळी तीन पट्टे ओढले, मग वर्षाराणीच्या, मग लेकाच्या. गुरुपादप्पांनी मान वाकवली. शेवटी स्वतःच्या कपाळी लावली आणि डबी कमरेला खोचली.

मला वाटलं, सुटलो. तर म्हातारी पुन्हा वळली, काठीचं टोक माझ्या छातीला टेकवलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘आता एकच सांगा व्याही. पोरगी तरी तीच हाय न्हवं? का तीबी डबीवाणी बदलली?’

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

तेवढ्यात संगमेशनं वर्षाराणीचा हात धरून वर केला. बांगड्या कोपराकडे सरकल्या. मनगटावर रुपयाएवढं पुसट कडं होतं.

‘तीच हाय, आजी,’ तो म्हणाला. ‘खूण पटली.’

महादेवप्पा